मुठीत मावेल एवढा चेंडू

माझ्या भावोजींना कुठलीही वस्तू टाकून देता येत नाही. हा गुण म्हणायचा की रोग, हे मी अजून ठरवलेलं नाही. चपलेचा तळ झिजून पापुद्रा झालेला असू दे, पिशवीत पिशवीपेक्षा भोकं जास्त असू देत, भावोजी ती वस्तू उजेडात धरणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "काही झालेलं नाही हिला. एक टाका मारला की झालं." म्हणून गल्लीत त्यांना सगळे टाकामास्तर म्हणतात. गिऱ्हाइकानं 'नवीनच घ्यावी म्हणतो' असं म्हणायची सोय नाही. लगेच ऐकवतात, "टाकायला अक्कल लागत नाही. टिकवायला लागते."

माझी ताई त्यांची बायको. ती म्हणायची, "यांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात म्हणाले असतील, बाई एका बाजूनं जरा उसवलीय, पण एक टाका मारला की झालं." या विनोदावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. आता तो कुणी काढत नाही.

पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक जाड पडदा. दुकानात पायानं चालवायचं शिलाई मशीन, भोकं पाडायची आरी, कातडं कापायची रापी, दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा, आणि डोक्यावर भिंतभर खुंट्यांची रांग. त्या खुंट्यांवर हँडलं लटकतात. जुन्या बॅगा शेवटचा श्वास घेतात तेव्हा भावोजी त्यांची हँडलं कापून ठेवतात. काळी, तपकिरी, रुंद, अरुंद, दोन तर मगरीच्या कातड्यासारखी दिसणारी. मी बसच्या तिकीटखिडकीत बसते. सुट्टे द्या, रांगेत या, ही खिडकी नव्हे ती, असं सकाळभर ओरडून माझी जीभ कात्रीसारखी झालेली असते. पाळी संपली की मी घरी जायच्या आधी त्यांच्याकडे चहाला टेकते. त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलेलं आहे.

कुत्रा त्यांनी आणला नाही, तोच आला. तळहाताएवढं पिल्लू दुकानाच्या उंबऱ्याशी कातड्याचा वास घेत बसलेलं असायचं. एक दिवस त्यानं एका बाईंच्या सँडलचं बक्कल चावून तोडलं आणि गिळलं. भावोजी त्याला छातीशी धरून जनावरांच्या डॉक्टरांकडे धावले. बक्कल दोन दिवसांनी आपल्या वाटेनं बाहेर आलं, भावोजींनी ते धुऊन घासून त्याच सँडलला परत लावलं, आणि पिल्लाचं नाव पडलं बक्कल. त्या बाईंना हे कुणी सांगितलेलं नाही. त्या अजून ती सँडल मिरवतात.

डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. "याला चघळायला, खेळायला काहीतरी लागणारच. पण जे पूर्ण तोंडात जाईल ते द्यायचं नाही. चेंडू दिलात तर तो दाढांच्या मागे जाता कामा नये. एकदा मागे गेला की घशाला बूच बसतं."

भावोजींनी ते ऐकलं ते एखाद्या गिऱ्हाइकाचं माप ऐकावं तसं. घरी येऊन टेप काढली आणि पिल्लाचा जबडा मापला. मग कातड्याचे तुकडे कापून, आत चिंध्या आणि रबर ठासून, मेणाच्या दोऱ्यानं चेंडू शिवला. पिल्लू वाढलं तसे चेंडूही वाढले. "लेकरांना बूट घेतो तसंच आहे हे. पाय वाढला की माप वाढवायचं," म्हणायचे. बक्कल वाढून चांगला दांडगा झाला तेव्हा त्याचा चेंडू हा एवढा, दोन्ही हातांनी धरावा लागेल असा.

आणि खेळाचे कायदे तर विचारू नका. चेंडू रस्त्याच्या बाजूला फेकायचा नाही. उंच फेकून त्याला उड्या मारायला लावायचं नाही, कंबर जाते. जेवल्या जेवल्या खेळ नाही. जीभ लांब लोंबायला लागली की तो कितीही गयावया करो, खेळ बंद. तोंडातला चेंडू ओढायचा नाही. दुसरा दाखवायचा, पहिला आपोआप सुटतो. मागच्या खोलीची फरशी गुळगुळीत, धावताना पाय सटकायचे, म्हणून बुटाच्या तळव्यांचं रबर चिकटवून भिंतीपासून मागच्या दारापर्यंत पट्टा अंथरला. मी म्हणायचे, "भावोजी, कुत्रं खेळवताय की विमानतळ चालवताय?" ते म्हणायचे, "मेहुणीबाई, तुम्ही तिकिटं फाडा." त्या दोघांना मूल नाही. पण बक्कल आमचं मूल आहे, असलं काही ते दोघं कधी बोलले नाहीत. तो कुत्रा होता आणि त्यांचा होता, तेवढं पुरेसं होतं.

मग ताईला झटका आला. सकाळी कपात चहा ओतता ओतता उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. इस्पितळातून घरी आली तेव्हा ती खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसवलेली असायची, उजवा हात मांडीवर मुठीसारखा मिटलेला. ज्या बाईच्या बोलण्यापुढे माझी कात्री बोथट पडायची, ती आता फक्त डोळ्यांनी बघायची. भावोजी तिला न्हाऊ-खाऊ घालत, वेणी घालत. वेणी शिवणीसारखी घट्ट व्हायची, ताई कळवळायची, आणि आम्हाला त्यातल्या त्यात बरं वाटायचं, निदान कळवळली तरी.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं स्पष्ट सांगितलं, "हा हात अजून येऊ शकतो. पण तो वापरला तरच. वस्तू धरायची, सोडायची, फेकायची. नाहीतर बोटं अशीच आखडतील आणि मग उघडणार नाहीत." तिनं स्पंजचा एक चेंडू दिला. ताईनं त्याच्याकडे बघून मान फिरवली. लहान पोरासारखं स्पंज दाबत बसायचं तिच्या जिवावर यायचं. हात मिटलेला तो मिटलेलाच. भावोजी पडद्याआड जाऊन मशीनवर बसायचे आणि काही न शिवता पाय हलवत राहायचे.

यातून वाट काढली ती बक्कलनं. तो त्याचा भलामोठा चेंडू तोंडात धरून आला, ताईच्या मांडीवर ठेवला, आणि समोर बसून शेपटीनं फरशी झाडायला लागला. ताईनं डाव्या हातानं चेंडू ढकलला. तो लोळत गेला, बक्कल घेऊन आला, पुन्हा मांडीवर. असं कितीतरी वेळ चाललं. आणि मग ताईनं स्वतःहून उजवा हात डाव्यानं उचलून चेंडूवर ठेवला. बोटं त्याला पकडायला बघत होती. चेंडू मोठा होता, निसटत होता. पण बोटं बघत होती! भावोजी पडदा धरून उभे होते, मी चहा घेऊन. माझा चहा बशीत कधी सांडला ते कळलं नाही.

दुसऱ्याच दिवशी भावोजींनी चेंडू उसवला आणि लहान केला. पुन्हा टेप लावली, बक्कलचा जबडा मापला. मला म्हणाले, "मापात आहे. जेमतेम आहे, पण आहे." ताईची बोटं त्या चेंडूवर कशीबशी बसली. तिनं फेकला. फेकला म्हणजे काय, पायाशीच पडला. पण तो तिच्या उजव्या हातातून पडला होता, आणि ती तोंडाच्या अर्ध्या बाजूनं हसली.

त्यानंतरचे महिने या घराचे चांगले महिने होते. आजार घरात असूनही चांगले. ताईनं बक्कलला नवी भाषा शिकवली. तिला 'आण' म्हणता येत नव्हतं, म्हणून ती डाव्या हातानं खुर्चीच्या लाकडी हातावर थाप मारायची. एक थाप म्हणजे आण. भराभर थापा म्हणजे शाबास, लबाडा, शाबास. दुकानात गिऱ्हाइक विचारायचं, आत काय चाललंय? भावोजी मान ताठ करून सांगायचे, "आमची मंडळी टाळ्या वाजवतेय." हळूहळू चेंडू पायापासून पुढे गेला, पलंगापर्यंत गेला, एकदा तर दारापर्यंत. व्यायामवाली मुलगी म्हणाली, कुत्र्यालाच पगार द्या.

चेंडू मात्र कातड्याचा. रोज लाळेनं भिजायचा, दातांनी शिवण तुटायची. दुसऱ्या कुणी तो टाकून नवा आणला असता. आमचे भावोजी! टाकायला अक्कल लागत नाही. शिवण उसवली की ते चेंडू घेऊन बसायचे. आता त्यांच्या धंद्यातली एक रीत आहे. फाटलेली कड तशीच शिवली तर टाका धरत नाही, कुजकी कड आधी रापीनं कापायची, मग नव्या कडेवर टाका घालायचा. दर वेळी बोटाच्या नखाएवढी कड जायची. दर वेळी आतल्या चिंध्या आणखी ठासल्या जायच्या. दर वेळी चेंडू ताईच्या हातात आधीपेक्षा बरा बसायचा, आणि भावोजी म्हणायचे, "बघ, मूठ सुधारतेय तुझी." मूठ सुधारत होती हे खरंच. पण चेंडूही लहान होत होता. डागडुजी केलेल्या वस्तूचं कोण पुन्हा माप घेतं? चप्पल शिवून दिली की पाय परत मापत नाहीत. ज्या माणसानं पिल्लाचा जबडा टेपनं मापला होता, त्यानं दुरुस्तीनंतर टेप काढली नाही.

त्या दुपारी मी पाळी संपवून दुकानात शिरले. भावोजी एका दप्तराचा पट्टा मशीनवर शिवत होते. आतून थापा ऐकू येत होत्या, भराभर, जोरजोरात.

"ऐक, ऐक," भावोजी मशीन न थांबवता म्हणाले. "तुझी ताई आज रंगात आलीय."

"कुत्र्याला जरा दम तरी खाऊ द्या म्हणावं," मी म्हणाले आणि पडदा सारला.

ताई खुर्चीतून अर्धी खाली घसरली होती. डाव्या हातानं खुर्ची बडवत होती, तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. बक्कल रबराच्या पट्ट्यावर आडवा पडला होता, पाय ताणलेले, पंजे तोंडाशी. चेंडू दिसत नव्हता.

मी ओरडले. भावोजी आले, गुडघ्यांवर पडले, त्याचा जबडा उघडला. चेंडू आत होता, दाढांच्या मागे, लाळेनं गुळगुळीत झालेला. त्यांनी बोटं घातली. मेणाचा दोरा आरीच्या भोकातून न चुकता ओढून काढणारी बोटं ती, पण चेंडू धरायला कड नाही, टोक नाही. बोट लावलं की तो आणखी आत सरकत होता. ते "सोड, बाळा, सोड" म्हणत होते, जसं काही बक्कलनंच तो हट्टानं धरून ठेवलाय. मी रिक्षा आणायला धावले. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत भावोजींच्या मांडीवर तो जड झाला होता. आम्हा दोघांनाही कळलं होतं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी बक्कलच्या जबड्याखाली, घशाच्या बाजूनं अंगठे रोवून चेंडू बाहेरून पुढे ढकलला, आणि तो सुटून टेबलावर पडला. "बोटानं ओढायला गेलं की मागे जातो," ते हळू आवाजात म्हणाले. "असा मागून पुढे ढकलायचा असतो. पण त्या घटकेला हे कुणाला सुचतं, मास्तर?" भावोजींनी चेंडू धुतला. खिशातली टेप काढून त्याच्याभोवती गुंडाळली. आकडा बघितला, टेप पुन्हा लावली, पुन्हा बघितला. मग टेप हातातच धरून ते खाली बसले आणि मोठ्यानं रडले. मी त्यांना तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं, ताईच्या झटक्यातही नाही.

बक्कलला मागच्या अंगणात पुरलं. ताईला खुर्चीसकट दारापर्यंत नेलं होतं. ती बघत राहिली.

त्या दिवसापासून तिनं उजवा हात उचलला नाही. व्यायामवाली मुलगी आली, गोड बोलली, मग जरा दरडावून बोलली, मग माझ्याकडे बघायला लागली. "बोटं आखडायला लागलीत," तिनं मला बाहेर नेऊन सांगितलं. "महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे हो. काहीतरी करा."

काय करणार? भावोजी ताईसमोर बसून म्हणायचे, "अगं, चेंडू मी लहान केला. माप मी चुकवलं. तुझा काय दोष?" ताई जोरानं मान हलवायची, डाव्या हाताच्या बोटानं स्वतःची उजवी मूठ दाखवायची, मग रबराचा पट्टा दाखवायची. मी फेकला. या हातानं फेकला. भावोजी पुन्हा म्हणायचे, "मला वाटलं तू टाळ्या वाजवतेयस. तू मला हाका मारत होतीस आणि मी मशीन चालवत होतो." मग ती आणखी जोरानं मान हलवायची. चांगली दोन माणसं, आणि दोष स्वतःकडे ओढायची चढाओढ लागलेली. मला दोघांचाही राग यायचा, आणि घरी जाताना रस्त्यात रडू यायचं. ताईनं त्यानंतर खुर्चीवर थाप म्हणून मारली नाही. एकदा वाऱ्यानं मागचं दार आपटलं, तर भावोजी गिऱ्हाइकाच्या पायातला बूट सोडून आत धावले होते.

मग एक कॉलेजातली मुलगी बॅग घेऊन आली. बॅग भरगच्च, पुस्तकांनी फुगलेली, तिचं हँडल तुटलेलं. मी चहा घेऊन स्टुलावर बसले होते. भावोजींनी सवयीनं वर हात केला, खुंटीवरून एक रुंद तपकिरी हँडल काढलं, बॅगेला लावून बघितलं आणि तसेच थांबले.

"मेहुणीबाई," ते म्हणाले, "हे कशाला असतं?"

"काय कशाला? हँडल? बॅग धरायला."

"मुठीत न मावणारी वस्तू मुठीत धरता यावी म्हणून असतं," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, वर खुंट्यांकडे बघत होते. काळी, तपकिरी, रुंद, अरुंद. "चेंडू मोठाच ठेवायचा होता गं. फक्त हे लावायचं होतं."

काखेत कळसा नि गावाला वळसा, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी एक म्हण गिळली. मुलीला म्हणाले, "बॅग उद्या ने." तिनं भावोजींचा चेहरा बघितला आणि गुपचूप गेली.

त्यांनी तो चेंडू शिवला. का शिवला, कुणासाठी, हे मी विचारलं नाही, शिवू दिलं. चांगलं जाड कातडं घेतलं, बक्कलचा जबडा दुप्पट वासला असता तरी मावला नसता एवढा मोठा चेंडू, आणि त्यावर ते रुंद हँडल, चारही कोपऱ्यांना दुहेरी टाका. टेप तीनदा लावली. झाल्यावर मशीनखालच्या खोक्यात लपवून ठेवला, जसं काही चोरीचं आहे.

तो बाहेर काढला मी. माझं हे असंच आहे, घाव बांधून ठेवलेला मला बघवत नाही. मी तो चेंडू घेतला, पडदा सारून आत गेले आणि ताईच्या मांडीवर ठेवला. भावोजी मागून "नको, नको" करत आले.

ताई चेंडूकडे बघत राहिली. हँडलवरून डावं बोट फिरवलं, टाक्यांवरून फिरवलं. मग तिनं मान वर करून भावोजींकडे बघितलं, आणि तिलाही ते कळलं. किती सोपं होतं ते, ते कळलं. ती रडायला लागली. बक्कल गेल्यापासून ती रडली नव्हती. आवाज न येता माणूस इतकं रडू शकतं हे मला माहीत नव्हतं. भावोजी तिच्या पायाशी बसले. "मला आधी सुचलं नाही गं," म्हणत राहिले. "सगळं डोक्यावर लटकत होतं, मला सुचलं नाही."

बऱ्याच वेळानं तिनं डाव्या हातानं उजवी मूठ उचलली. आखडलेली बोटं एकेक करून हँडलखाली सरकवली. तिनं हात खांद्यापासून झुलवला आणि चेंडू सुटला. रबराच्या पट्ट्यावरून गडगडत, कुठंही न अडता, मागच्या दारापर्यंत गेला आणि थांबला.

आम्ही तिघंही ऐकत होतो. रबरावर बक्कलच्या नखांची ती खरखर. सवय हो, दुसरं काय. खरखर काही आली नाही.

ताईनं डावा हात उचलला आणि खुर्चीच्या हातावर ठेवला. मला वाटलं, ठेवलाच. पण तिनं थाप मारली. एकच.

भावोजी दचकले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, दारापर्यंत गेले, वाकून चेंडू उचलला आणि तिच्या मांडीवर आणून ठेवला.